चारातलं एक

१

शुक्रवारी दुपारी मी म्थाथाहून घरी पोहोचले तेव्हा ताता, माझे वडील, उंबऱ्यात बसून तुंब्यातलं बी सुपात ओतत होते. वाळक्या भोपळ्याचा तो तुंबा त्यांच्या आजीचा. वर्षातून एकदाच, सप्टेंबरात, बी वाटायच्या आदल्या दिवशी तो छपरातून खाली यायचा.

"वजन वाढलंय," मला बघून ते म्हणाले.

"बियांचं?"

"तुझं. बी होतं तेवढंच आहे."

मी शेजारी बसून वह्या काढल्या. म्थाथातल्या शाळेत मी नववीला जीवशास्त्र शिकवते, आणि तपासायच्या वह्या सुट्टीतही पाठ सोडत नाहीत. ताता एकेक बारीक काळसर बी बोटावर फिरवून बघत होते.

"वाटाण्याचा धडा झाला का?" त्यांनी मध्येच विचारलं.

"दर वर्षी होतो, ताता."

"उंच आणि बुटका वाटाणा एकत्र आले, की काय होतं म्हणालीस?"

"पहिल्या पिढीत सगळे उंच."

"बुटका मेला?"

"मरत नाही, लपतो. त्या उंचांचा पुन्हा एकमेकांशी संकर झाला की पुढच्या पिढीत चारातला एक बुटका निघतो."

"म्हणजे मधलं एक वर्ष काहीच कळत नाही."

मी मान वर न करता हो म्हटलं. सत्तावीस वह्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी आम्ही कांडलेला मका आणि घेवडा खाल्ला. ऊन उतरायच्या आत त्यांनी तुंबा काखेत मारला आणि निघाले.

"वाटप उद्या इथेच आहे ना?" मी विचारलं.

"असू दे. सिगिदीकडे ठेवून येतो."

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. पांघरूण नीट होतं. पाय थंड होते.

२

बी न्यायला आलेली माणसं मयताला आली.

आमच्या म्तेन्तू नदीच्या खोऱ्यातला गांजा संथ आहे. सप्टेंबरात पेरला की मेमध्ये हाती येतो. देठ लाल, पान बोटासारखं अरुंद, वास चुरडलेल्या पेरूच्या पानाचा. कायद्याने आता घरापुरता लावता येतो, म्हणून हौशी माणसं लांबून बी न्यायला यायची. अकरा घरांचं मंडळ होतं आणि नियम तातांचे. बी विकायचं नाही. नेलेलं सगळं त्याच वर्षी पेरायचं, मागे ठेवायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा इथेच यायचं, कारण बी धरायचं ते फक्त आमच्या स्वयंपाकघरामागच्या एका आईझाडावर. बाकीचे आपापल्या वाफ्यातली नर झाडं फुलायच्या आधी उपटायचे, त्यामुळे त्यांच्याकडे बी धरतच नसे.

मयताच्या घरातलं बी शुद्धी होईपर्यंत बाहेर काढत नाहीत. पण तुंबा सिगिदींच्या घरी होता. सिगिदी म्हणजे माझे मालुमे, आईचा भाऊ. पेरणीचे दिवस थांबत नाहीत. त्यांनी दफनाच्या दुसऱ्या दिवशी तुंबा उघडला आणि सगळ्यांच्या ओंजळीत बी घातलं. माझ्याही. मी ते शाळेच्या निवासातल्या मागच्या अंगणात लावलं, आठ रोपं.

नोव्हेंबरात रिआनाचा फोन आला. रिआना फोस मंडळातलीच; तिची समुद्राकडे रोपवाटिका आहे, आणि बोलताना ती फांद्या छाटल्यासारखी बोलते.

"तुझी झाडं कशी आहेत?"

"दोन फुललीत."

"नोव्हेंबरात? आणि तुला काही वाटलं नाही? जीवशास्त्राची बाई आहेस ना तू?"

मला वाटलं होतं. खोऱ्यातलं झाड सूर्याकडे बघून चालतं. इथे दक्षिण गोलार्धात दिवस पुरेसा लहान झाल्याशिवाय ते फुलत नाही, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटाआधी नाही. पण त्या दिवसांत जे वाटायचं ते मी बाजूला ठेवत होते.

"माझी विसातली पाच फुललीत, गुडघ्याएवढी असताना," रिआना म्हणाली. "हे दुकानातल्या घाईच्या जातीचं काम. पाच आठवड्यांत फुलते, सूर्य कुठे आहे हे विचारतही नाही. कुणीतरी तुंब्यातलं खरं बी काढून घेतलं आणि भरीला हे घातलं."

"कुणी?"

"त्या रात्री तुंबा कुणाकडे होता? ऑगस्टात गांजाच्या कंपनीची गाडी कुणाच्या दारात उभी होती? शेवटच्या शनिवारी सगळे तुमच्याकडे जमतायत. सिगिदींना मंडळातून काढायचं ठरलंय. तू न्यावुझांची मुलगी, म्हणून आधी सांगितलं."

न्यावुझा हे आमचं कुळ. तातांना सगळे त्याच नावाने हाक मारायचे.

मी शाळेतून चार दिवसांची रजा घेतली.

३

मालुमे शेळीला पाला घालत होते. बहात्तर वर्षांचा सरळ माणूस.

"चौकशीला आलीस का?" ते म्हणाले. "खुर्ची एकच आहे, ती आरोपीला. तू दगडावर बस."

मी बसले. "तुम्ही बी बदललंत का?"

"लोक म्हणतात तसं."

"लोकांना मी विचारलंय. आता तुम्हाला विचारते."

"मी तुंबा उघडला. ते माझं चुकलं. पुढचं लोकांनी ठरवावं."

"उघडायला नको होता?"

ते शेळीकडे वळले. "हिचा पाला संपला."

"आणि कंपनीची गाडी?"

"आली होती ना. दोन पोरं, पांढरे बूट. चिखल बघून उतरलीच नाहीत. खिडकीतून म्हणाली, आजोबा, बी द्या. मी म्हटलं, आधी पाय टेकवा, मग बघू. गाडी वळवताना माझी कोंबडी चिरडणार होती."

"हे मंडळाला सांगितलंत?"

"आरोपीने विनोद सांगू नयेत."

"मालुमे, शनिवारी ते तुम्हाला काढतील."

"चाळीस वर्षं तुझ्या बापाशेजारी बी वेचलं मी," ते म्हणाले. आवाज तसाच होता. "काढलं तर काढलं. सप्टेंबरात कुठेतरी दुसरीकडे बघायचं."

मग त्यांनी मला वाफ्यावर नेलं. चोवीस झाडं, सात फुललेली. खरं बी चोरणारा माणूस स्वतःच्या वाफ्यात खोटं का पेरेल? रिआना म्हणाली असती, देखाव्यासाठी. मी एका फुललेल्या झाडाशी वाकले. पान दोन बोटं रुंद होतं, आमचं नव्हेच. पण देठ मात्र लाल. मी चुरडून पाहिलं. पेरूच्या पानाचा वास आला.

दुकानातल्या झाडाला आमच्या खोऱ्याचा देठ कुठून आला?

४

मंडळातले सेल्वन मूडली डर्बनहून बैठकीच्या दोन दिवस आधीच आले होते. लुसिकिसिकी गावातल्या एका चहाच्या दुकानात भेटले. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेले, बशीतले समोसेही कोपरे जुळवून ठेवणारे गृहस्थ.

"टीचर, तुझे वडील गेले आणि माझा सप्टेंबर गेला," ते म्हणाले. "बायको म्हणते, बरं झालं, आता तरी गच्चीवर कपडे वाळत घालता येतील."

"अंकल, तुमची किती फुलली?"

"बारातली तीन."

"वाटपाच्या दिवशी बी दोन तऱ्हेचं दिसलं का? काही मोठं, काही ठिपक्यांचं?"

"अजिबात नाही." ते दुखावल्यासारखे झाले. "मी जन्मभर गोळ्या मोजल्या. प्रत्येक बी भिंगाखाली घालतो. आकार एक, रंग एक. सगळी एका आईची लेकरं."

मी चहा ढवळत राहिले. बियाचं टरफल आईचं असतं, आतलं रोप दोघांचं. तुंब्यात परकं बी मिसळलं असतं तर मूडलींच्या भिंगाला दोन टरफलं दिसली असती.

"जुनं बी आहे का तुमच्याकडे? आधीच्या एखाद्या वर्षाचं? ताडून बघायला."

त्यांचा कप बशीवर जरा जोरात बसला.

"न्यावुझांचा नियम होता. मागे ठेवायचं नाही."

"नियम ठाऊक आहे. ठेवलंत का, ते विचारतेय."

"मी निघतो. बायको वाट बघत असेल."

"तुम्ही एकटेच आलायत ना?"

"फोनची वाट बघत असेल," ते म्हणाले आणि समोसा अर्धा टाकून उठले. अन्न टाकणारा माणूस तो नव्हे.

घरी चालत जाताना मी रिआनाला फोन केला.

"मागच्या वर्षी तुझी झाडं कधी फुलली?"

"जरा आधी. पंधरा दिवस असेल. उन्हाळा कडक होता."

"सगळीच?"

"सगळीच. सगळ्यांचीच. तुझे वडील तेव्हा फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. का?"

नंतर सांगते म्हणून मी फोन ठेवला. रस्त्याच्या कडेला बसून मी वहीत आकडे मांडले. रिआनाची विसात पाच. मालुमेंची चोविसात सात. मूडलींची बारात तीन. माझी आठात दोन. एकूण चौसष्टात सतरा.

हा आकडा मी दर वर्षी फळ्यावर लिहिते.

५

कुणीही काहीही बदललं नव्हतं. चोरी झालीच नव्हती.

चारातलं एक. घाईची जात आमच्या झाडाशी एकदा जुळली होती, पण यंदा नव्हे. यंदा उगवली ती नातवंडं. मधली पिढी मागच्या वर्षी अकरा घरांत वाढली, आमच्यासारखीच दिसली, फक्त पंधरा दिवस लवकर फुलली, आणि सगळ्यांनी उन्हाला बोल लावला. म्हणजे परका पराग आईझाडावर पडला तो त्याच्याही आधीच्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीच्या शेवटी, ते उमलत असताना, आमचं नर झाड फुलायच्याही आधी.

घाईचं झाड पाच आठवड्यांत फुलतं. मग ते जानेवारीत पेरलेलं असणार. इथे जानेवारीत कुणी काही पेरत नाही. रिआनाच्या दुकानी जाती हिवाळ्यात दिव्याखाली असतात. मूडलींची गच्ची तीन तासांच्या रस्त्यावर. पेरणारा आईझाडापासून हाकेच्या अंतरावर होता.

त्या जानेवारीत ताता सत्तर वर्षांचे झाले. मी केपटाउनला प्रशिक्षणाला गेले होते, तिथून त्यांच्यासाठी एक चकचकीत पाकीट आणलं होतं. वर लिहिलं होतं, दहा आठवड्यांत तयार. ते हसले होते. "एवढी घाई कुणाला आहे?" पण माझ्यादेखत त्यांनी स्वयंपाकघरामागच्या फुटक्या टबात ते बी टोचलं.

नर झाडं कधी उपटायची हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. साठ वर्षं ते मार्चात उपटत आले होते. जानेवारीत पेरलेलं रोप फेब्रुवारीत मूलच असतं, त्याच्याकडे कोण बघतं? सूर्याकडे बघणाऱ्या झाडांत जन्म काढलेला माणूसच ही चूक करू शकतो. जे झाड सूर्याला ओळखतच नाही, असं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मी मालुमेंकडे परत गेले. ते त्याच खुर्चीत होते. मी उभीच राहिले.

"टबातलं नर झाड तुम्ही पाहिलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी हाताची बोटं ताणून उंची दाखवली.

"वीतभर होतं," ते म्हणाले. "न्यावुझाने नुसता हात लावला आणि पिवळी धूळ उडाली. तिथल्या तिथे उपटलं त्याने. मला म्हणाला, पोरीला यातलं काही कळू द्यायचं नाही. प्रेमाने आणलंय तिने. वेळेत उपटलं असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं. निदान मला तरी."

"आणि शेवटच्या संध्याकाळी?"

"तुंबा दिला आणि म्हणाला, मी आल्याशिवाय उघडू नकोस. मला उद्या लोकांशी बोलायचंय. काय ते सांगितलं नाही. चेहरा बरा नव्हता. मला वाटलं, थकलाय." त्यांनी हात चोळले. "तो आला नाही. माणसं लांबून आलेली, पेरणीचे दिवस चाललेले. मी उघडलं. त्याने नको म्हटलेलं मी केलं, पोरी. मग लोक म्हणाले चोर, तर मला ते फार लांबचं वाटलं नाही."

म्हणजे त्या शुक्रवारी, मी वह्या तपासत असताना, ताता मला प्रश्न विचारत नव्हते. पंधरा दिवस आधी फुललेल्या झाडांचा निकाल त्यांनी माझ्याकडून ऐकला होता, आणि मी मान वर केली नव्हती.

"हे शनिवारी सांगा, मालुमे."

"दिलेला शब्द ज्याला परत करायचा तो मेलाय," ते म्हणाले. "तू सांग, कुणाकडे नेऊन देऊ?"

६

शनिवारी गोठ्याच्या फाटकाशी माणसं बाकांवर, उलट्या बादल्यांवर बसली. मक्याच्या बिअरचं मडकं मध्ये होतं, पण कुणी हात लावला नव्हता. मालुमे एका टोकाला, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी.

रिआनाने सुरुवात केली. तिचं होईपर्यंत मी थांबले. मग वही उघडली आणि नववीला सांगते तसं सांगितलं: एक टरफल, लाल देठ, मागच्या वर्षीचे पंधरा दिवस, चौसष्टात सतरा. चोरी नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या जानेवारीत इथे पेरलेलं एक पाकीट.

रिआनाने दोनदा प्रश्न विचारले, दोन्ही चांगले होते. मग ती मालुमेंकडे वळली.

"मी चुकले," ती म्हणाली. "पण मग ते पाकीट कुणाचं?"

"माझं," मालुमे म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मीच आणलं, मीच लावलं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "म्हाताऱ्याची हौस. काढा मला, आणि बिअर घ्या, आंबून चाललीय."

गप्प बसणं सोपं होतं. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, तातांनी धरलं असतं तसंच.

"मालुमे खोटं बोलतायत," मी म्हटलं. "पाकीट मी आणलं. तातांनी ते माझ्यासमोर पेरलं. तुमचं सगळ्यांचं बी माझ्यामुळे बिघडलं."

एक बादली खरडली. मूडली उठले, खिशातून जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी काढली आणि मडक्याशेजारी ठेवली.

"पाकीट यायच्या आधीच्या वाटपाचं," ते म्हणाले. "चौतीस बिया. घरी फ्रीजमध्ये असतात, लोणच्यामागे. मी दर वर्षी थोड्या मागे ठेवत आलो. न्यावुझांना तोंड दाखवायला लाज वाटायची, म्हणून दर वर्षी मिठाई जास्त आणायचो."

"म्हणून तो डबा एवढा मोठा असायचा होय," मालुमे म्हणाले. "आणि आम्ही समजायचो, माणूस दिलदार आहे."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. रिआनाने डबी हलवून कानाशी धरली.

"उगवतील का?"

"काही उगवतील," मी म्हटलं. "किती ते सांगता येत नाही."

तिने डबी माझ्या हातात दिली नाही. ती मालुमेंपर्यंत चालत गेली, त्यांच्या मुठीत ती ठेवली आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर बसली. "पेरायचं तुम्ही," ती म्हणाली. "आम्ही सप्टेंबरात येतो."

मालुमेंनी मूठ मिटली. मग मडक्यातली बिअर डावाने घेतली, फाटकाशी थोडी ओतली, आमच्यात गेलेल्यांशी तिथेच बोलतात, आणि मला पुढे बोलावलं.

"घरची लेक आहेस. तुझ्या बापाला काय झालं ते तू सांग. मी सांगितलं तर म्हणेल, सिगिदी पुन्हा न विचारता बोलला."

मी फाटकाला धरून उभी राहिले. आत गाई नव्हत्या, चरायला गेल्या होत्या. बी सापडलं, मालुमे राहिले, एवढं सांगितलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं.

"ताता," मी म्हटलं, "तुम्ही मालुमेंना सांगितलंत की मी ते प्रेमाने आणलं. तसं नव्हतं. मी म्थाथामध्ये सगळ्यांना सांगते की माझे वडील मका लावतात. मला वाटलं, तुमचं झाड आठ महिन्यांऐवजी दहा आठवड्यांत उरकायला लागलं, तर तुम्ही नदी सोडून माझ्याकडे याल, आणि मग मला कधीच कुणाला खरं सांगावं लागणार नाही. माझी फी, माझे बूट, माझी पुस्तकं, सगळं त्या झाडातून आलं, आणि मला त्याची लाज वाटायची. तुमची लाज वाटायची, ताता. आता वाटत नाही. हे मी तुम्ही ऐकू शकत होतात तेव्हा सांगायला हवं होतं."